कसारा घाट, ४० टन वजन आणि एकसारखी दोन इंजिने : चढावर वेग नेमका कशाने ठरतो?

पाथर्डी_फाटा

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड आणि सातपूर भागांतल्या कारखान्यांसाठी माल आणण्याचा माझा व्यवसाय आहे. उरण-तळोज्याच्या बाजूने पोलादाच्या कॉइल आणि यंत्रांचे सुटे भाग येतात, त्यामुळे आमच्या गाड्या कसारा घाट बहुतेक वेळा भरलेल्या अवस्थेतच चढतात. माझ्याकडे दोन घोडे, म्हणजे ट्रेलर ओढणारे पुढचे ट्रक, आहेत. दोन्हींचे इंजिन एकच आहे : ६.७ लिटर, सहा सिलिंडर, २३०० आरपीएमला (मिनिटाला २३०० फेऱ्यांना) ३०० अश्वशक्ती आणि ११०० ते १७०० आरपीएमच्या दरम्यान ११०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ. गियरबॉक्स दोन्हींना नऊ गियरचा आहे आणि ट्रेलरसह एकूण वजन ४० टनांच्या आसपास असते.

तरीही पहिली गाडी, तिला 'अ' म्हणू, घाट २७-२८ च्या वेगाने चढते आणि दुसरी, म्हणजे 'ब', १८-१९ वर रेंगाळते. वर्कशॉपमध्ये 'ब' गाडीचे फिल्टर, टर्बो, इंटरकूलरच्या नळ्या आणि इंजेक्टर असे सगळे तपासून झाले, पण दोष सापडला नाही. दोन्हींच्या कागदपत्रांत मला एकच फरक दिसतो. 'अ'च्या मागच्या हाऊसिंगचे (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या शेवटच्या गियरजोडीचे) गुणोत्तर ६ च्या जवळ आहे आणि 'ब'चे ५ च्या जवळ.

आता तिसरी गाडी घ्यायची आहे. विक्रेता सारखे टॉर्कचेच सांगतो, मित्र म्हणतात अश्वशक्ती पाहा. चढावर यांपैकी काय कामाला येते, हे मला मुळापासून समजून घ्यायचे आहे.

घाटवाट

उत्तर सोपे आहे. अश्वशक्ती सपाट रस्त्यावर पळण्यासाठी असते आणि टॉर्क घाट चढण्यासाठी. तुमच्या 'ब' गाडीचा टॉर्क हाऊसिंगमध्ये कमी गुणला जातो, म्हणून ती मागे पडते. तिसरी गाडी घेताना टॉर्कचा आकडा आणि हाऊसिंग एवढेच पाहावे.

निफाडचा_शेतकरी

आमच्याकडे ट्रॅक्टर घेताना विक्रेते 'बॅकअप टॉर्क' नावाची एक गोष्ट आवर्जून सांगतात. कांद्याची भरलेली ट्रॉली लासलगावच्या बाजारात नेताना एखादा चढ आला आणि इंजिनाचे फेरे कमी झाले, तर ज्या ट्रॅक्टरचा बॅकअप चांगला असतो तो गियर न बदलता चढ काढतो, आणि ज्याचा कमी असतो तो बंद पडतो. ट्रकच्या इंजिनातही असेच काही असते का? जाणकारांनी सांगावे.

यंत्रविद्या_सातपूर

घाटवाट यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो. म्हणून थोडा हिशेब मांडतो. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत.

चढ ५ टक्क्यांचा आहे असे धरू, म्हणजे १०० मीटर अंतरात रस्ता ५ मीटर उंच होतो. ४० टनांच्या गाडीला एवढ्या चढावर गुरुत्वाकर्षण सुमारे १९.६ किलोन्यूटन बळाने मागे ओढते. टायर आणि रस्ता यांच्यातला रोध सुमारे २.८ किलोन्यूटन धरला, तर चाकांनी एकूण २२.४ किलोन्यूटन बळ लावले पाहिजे. या वेगाला हवेचा रोध इतका किरकोळ असतो की तो सोडून देता येतो.

हे बळ चाकापर्यंत कसे पोहोचते ते पाहू. इंजिनाचा टॉर्क आधी गियरने गुणला जातो, मग हाऊसिंगच्या गुणोत्तराने, आणि वाटेत साधारण दहा टक्के घट होते. म्हणजे टॉर्क कमी असला तरी गियर पुरेसा खोल, म्हणजे मोठ्या गुणोत्तराचा, असेल तर चाकावरचे बळ हवे तितके वाढवता येते. निफाडकरांचा ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्या. त्याचा टॉर्क जेमतेम २०० न्यूटन मीटर असतो. त्याला पुरेसा खोल गियर दिला आणि त्याची चाके घसरली नाहीत असे मानले, तर तोही ही ४० टनांची गाडी घाटावर नेईल, मात्र ताशी सुमारे ५ किलोमीटर वेगाने. त्याहून वेगाने तो नेऊ शकत नाही, कारण बळ आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि शक्ती कोणताही गियर वाढवून देत नाही.

घाटवाट यांना माझे उत्तर असे आहे की एका विशिष्ट गियरमध्ये गाडी चढ पेलेल की नाही हे टॉर्क ठरवतो. योग्य गियर निवडल्यावर ती जास्तीत जास्त किती वेगाने चढेल, हे मात्र शक्तीच ठरवते.

घाटवाट

हिशेब पटण्यासारखा आहे, पण अनुभव वेगळे सांगतो. एकाच अश्वशक्तीच्या दोन गाड्यांमध्ये जास्त टॉर्कची गाडी घाटात नेहमीच सुखाने चढते. हे तुम्ही नाकारणार आहात का?

यंत्रविद्या_सातपूर

अजिबात नाही. त्याचे कारण याच इंजिनाच्या आकड्यांत आहे. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅटमध्ये शक्ती मिळते. त्या हिशेबाने हे इंजिन पूर्ण पेडलवर ११०० आरपीएमला १२७ किलोवॅट देते, १७०० ला १९६ आणि २३०० ला २२४ किलोवॅट. ११०० आणि १७०० या दोन्ही ठिकाणी टॉर्क एकच असूनही शक्ती दीडपटीहून अधिक वेगळी आहे, हे लक्षात घ्या. आमच्या ४० टनांच्या गाडीला या शक्तीवर मिळणारे वेग अनुक्रमे सुमारे १८, २८ आणि ३२ येतात.

आता बॅकअप टॉर्क. २३०० आरपीएमला टॉर्क सुमारे ९३० न्यूटन मीटर आहे आणि फेरे १७०० पर्यंत खाली आले की तो ११०० होतो, म्हणजे १८ टक्क्यांनी वाढतो. चढ थोडा उभा झाला, फेरे उतरू लागले, की ही वाढलेली ओढ गाडीला सावरून धरते आणि चालकाला लगेच गियर टाकावा लागत नाही. तुम्ही ज्याला सुखाने चढणे म्हणता ते हेच आहे. ज्या इंजिनाची शक्ती तितकीच आहे पण फेरे उतरल्यावर टॉर्क वाढत नाही, ते घाटात चालकाला सारखे गियर बदलायला लावते आणि प्रत्येक बदलात गाडीचा वेग पडतो.

जुना_सारथी

माझे आयुष्य स्टिअरिंगवर गेले, म्हणून चालकाच्या बाजूने लिहितो.

पूर्वीच्या गाड्यांत टर्बो नव्हता. सहा सिलिंडरचे ५.७ लिटरचे इंजिन शंभर-सव्वाशे अश्वशक्ती द्यायचे आणि गियर पाचच असायचे. गाडीचे पासिंग (मालासह परवानगीचे वजन) १६.२ टनांचे असायचे, त्यामुळे टनामागे अश्वशक्ती काढली तर ती आजच्या भरलेल्या ट्रेलरपेक्षा फार वेगळी नव्हती. तरीही त्या गाड्या घाटात जास्त रडायच्या, आणि त्याचे मोठे कारण गियरमधले अंतर हे होते. तिसऱ्यात गाडी दबायची आणि दुसऱ्यात टाकली की इंजिन किंचाळायचे, पण मधला गियरच नसायचा. आज नऊ गियरमध्ये प्रत्येक पायरी लहान आहे आणि इंजिनाला जिथे बरे वाटते तिथे त्याला ठेवता येते.

नव्या मुलांना मी एकच गोष्ट सांगत असतो. चढ सुरू होण्याआधी गियर ठरवावा, गाडी दबू लागल्यावर नव्हे. भरलेली गाडी चढावर क्लच दाबताच क्षणात वेग गमावते, आणि उशीर झाला की एकाऐवजी दोन गियर खाली यावे लागते. पुढे एखादा टँकर रांगत असेल तर त्याच्या शेपटीला चिकटू नये. जागा सोडून चालावे, म्हणजे आपला वेग मोडत नाही.

कांचनगंगा

सारथीकाका, तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल विचारते. घाटात आमची कार एखाद्या ट्रेलरमागे अडकते, पुढची वाट मोकळी होते, तरी तो ट्रेलर वेग का घेत नाही? चालक मुद्दाम सावकाश नेतात असे घरात सगळ्यांचे मत आहे.

जुना_सारथी

ताई, कोणताही चालक घाटात मुद्दाम वेळ काढत नाही. त्याला तो घाट तुमच्याआधी संपवायचा असतो. भरलेली गाडी एकदा दबली की त्याच गियरमध्ये परत उठत नाही. असे का होते, हे यंत्रविद्या साहेब नीट सांगतील.

यंत्रविद्या_सातपूर

कांचनगंगा, हा प्रश्न मूळ धाग्याच्या अगदी गाभ्याचा आहे.

'अ' गाडी दोनच्या गुणोत्तराच्या गियरमध्ये आहे असे समजू. हाऊसिंग ६, म्हणजे एकूण गुणाकार १२. टायरची त्रिज्या सुमारे ५२ सेंटिमीटर धरली तर चढ पेलायला इंजिनाला साधारण १०८० न्यूटन मीटर टॉर्क द्यावा लागतो आणि त्याच्याजवळ ११०० आहेत, म्हणजे शिल्लक फक्त २० ची. गाडी २८ च्या वेगाने चालली असेल तर ती २८ वर टिकून राहते. पण पुढच्या वाहनामुळे वेग १८ वर आला, तरी टॉर्क तेवढाच आणि शिल्लकही तेवढीच. या तुटपुंज्या शिलकीवर ४० टनांचा वेग १८ वरून परत २८ वर न्यायला चार मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात घाटातले पुढचे वळण येते. चढ जरासा आणखी उभा असेल तर ती कधीच उठणार नाही. ११०० ते १७०० पर्यंत सपाट टॉर्क ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु त्या पट्ट्यात गाडी कोणत्याही वेगावर स्थिरावू शकते, अगदी सर्वांत कमी वेगावरसुद्धा. उपाय एकच, खालचा गियर टाकून फेरे वर नेणे.

कांचनगंगा

आभारी आहे. आता घाटात हॉर्न वाजवण्याआधी हे वीस न्यूटन मीटर आठवतील, आणि घरच्यांनाही हेच सांगेन.

नोझलवाले_काका

मी मायकोत, म्हणजे आताच्या बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात, नोझल विभागात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते की डिझेल इंजिनाची ताकद ज्या अतिसूक्ष्म छिद्रांतून येते ते नोझल आपल्या नाशिकमध्ये तयार होत आले आहेत.

चढावर इंजिनाच्या आत काय घडते यावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. डिझेल इंजिनात हवेला अडवणारी पेट्रोलसारखी झडप ताकद ठरवत नाही, ताकद ठरते ती किती डिझेल फवारले यावरून. पण डिझेल जाळायला हवा लागते आणि ती टर्बो देतो. टर्बो फिरतो इंजिनाच्या धुरावर. फेरे खूप कमी असतील तर धूर कमी, म्हणून टर्बोचा दाब कमी, म्हणून हवा कमी, आणि अशा वेळी पेडल कितीही दाबले तरी जास्तीचे डिझेल न जळता काळा धूर होऊन बाहेर पडते. जुन्या इनलाइन पंपाच्या टर्बो इंजिनांत यासाठी पंपावर एक पडदा बसवलेला असायचा. टर्बोचा दाब वाढल्याशिवाय तो डिझेल वाढू द्यायचा नाही. पुष्कळ ठिकाणी तो पडदा छेडून गाडीची 'ओढ' वाढवून दिली जायची. त्यात धूर वाढायचा, पिस्टन तापायचे आणि मिळकत फारशी नसायची.

आता कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत, आहे. दाब १६०० ते २००० बारच्या घरात असतो आणि एकाच स्ट्रोकला डिझेल अनेक तुकड्यांत फवारले जाते. किती हवा आत आली हे मोजून संगणक डिझेल ठरवतो. ११०० आरपीएमलाच पूर्ण टॉर्क मिळतो तो या अचूक फवाऱ्यामुळे आणि लवकर दाब देणाऱ्या टर्बोमुळे. मात्र ११०० च्या खाली हा टॉर्क झपाट्याने कोसळतो, म्हणून त्या आकड्याच्या आसपास गाडी रेटत राहणे म्हणजे कड्याच्या टोकावर उभे राहणे आहे. जराशी जास्तीची चढण आली की थेट खाली.

इगतपुरी_स्थानक

काका, हवेचा विषय निघाला म्हणून विचारतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तिथे हवा विरळ झाल्याने ताकद घटते का?

नोझलवाले_काका

६०० मीटरला हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असते. बिनटर्बोच्या इंजिनाला तेवढा फटका जवळजवळ पूर्ण बसायचा. टर्बो थोडा जास्त फिरून ही तूट भरून काढतो, त्यामुळे आपल्या घाटात आजच्या गाडीला उंची जाणवत नाही. एप्रिल-मेच्या दुपारची उष्णता मात्र तिला नक्की जाणवते.

रेडिएटर

उष्णतेबद्दल माझे थोडे सांगणे आहे, कारण माझे कामच कूलिंगचे आहे.

घाट हा इंजिनासाठी सर्वांत वाईट जागा असतो, कारण तिथे भार पूर्ण असतो आणि वेग कमी. महामार्गावर ताशी ६० च्या वेगाने समोरून येणारी हवा रेडिएटरला गार ठेवते, घाटात २० च्या वेगाला ती हवा नसते आणि सगळे काम पंख्यावर येते. जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश कूलंटमध्ये जाते, आणि पूर्ण भारावर ती शंभर किलोवॅटच्या वर असू शकते. पंखा पूर्ण जोडला गेला की तो स्वतःच वीस-पंचवीस अश्वशक्ती खातो, म्हणजे चाकांना मिळणारी शक्ती नेमकी गरजेच्या वेळीच घटते. यापुढेही कूलंट तापत राहिले तर संगणक इंजिन वाचवण्यासाठी डिझेल कापतो. चालकाला वाटते की गाडीने दम टाकला.

खालचा गियर आणि जास्त फेरे इथेही उपयोगी पडतात. पाण्याचा पंप आणि पंखा इंजिनावरच चालतात, त्यामुळे १२०० पेक्षा १९०० आरपीएमला कूलंट आणि हवा दोन्ही जास्त फिरतात. पाथर्डी फाटा, 'ब' गाडीचा फॅन क्लच (पंखा इंजिनाला जोडणारा भाग) आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा एकदा पाहून घ्या. द्राक्षांच्या हंगामात बागांतली धूळ आणि काड्या तिथे बेमालूम साचतात.

हिशेबवही

सर्व चर्चा वाचली. पण खालचा गियर आणि जास्त फेरे म्हणजे जास्त डिझेल, हे कोणीच का बोलत नाही? आमच्या चालकांना मायलेजवर बक्षीस आहे आणि त्यांना टॅकोमीटरची, म्हणजे फेरे दाखवणाऱ्या काट्याची, कमी डिझेल लागणाऱ्या फेऱ्यांची हिरवी पट्टी सोडू नका असे शिकवले आहे. ती सोडली तर घाटात नफा जळून जाईल.

ऋचा_अंबड

हिशेबवही, हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

कसारा ते इगतपुरी उंचीचा फरक सुमारे ३०० मीटर आहे. ४० टन ३०० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा सुमारे ३३ किलोवॅट-तास भरते. एक लिटर डिझेलमध्ये जवळजवळ १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, त्यातले चाळीस टक्के इंजिनातून काम म्हणून बाहेर येतात, आणि गियर-हाऊसिंगची घट धरली तर केवळ उंची चढण्यासाठी नऊ लिटरच्या आसपास डिझेल लागते. टायरच्या रोधाचे वेगळे. हे नऊ लिटर तुम्ही १८ ने चढा किंवा ३२ ने चढा, द्यावेच लागतात, कारण उंची तेवढीच आहे.

२००० च्या वरच्या फेऱ्यांना घर्षण आणि पंखा यांमुळे इंजिनाची कार्यक्षमता काही टक्क्यांनी घटते हे खरे. त्याने त्या नऊ लिटरवर अर्ध्या लिटरभराचा फरक पडेल. त्या बदल्यात घाटातला वेळ निम्म्याच्या जवळ येतो, गाडी कमी तापते आणि क्लचवरचे गियर-बदल कमी होतात. हिरवी पट्टी सपाट रस्त्यासाठी अगदी योग्य आहे, कारण तिथे इंजिनावर अर्धाही भार नसतो. पूर्ण भाराच्या चढावर तीच पट्टी चालकाला इंजिनाची बरीच शक्ती वापरूच देत नाही.

हिशेबवही

अर्धा लिटर असेल तर मला तक्रार नाही. पण चालकाच्या हातात 'घाटात मोकळीक' दिली तर ती मोकळीक ओझर-पिंपळगावच्या सपाट रस्त्यावरही सुरू होते, हा माझा अनुभव आहे.

ऋचा_अंबड

मान्य आहे. म्हणूनच बक्षीस पूर्ण फेरीच्या मायलेजवर द्यावे, घाटातल्या पट्टीवर देऊ नये. फेरीच्या हिशेबात घाटातला अर्धा लिटर दिसतही नाही, सपाट रस्त्यावरची उधळपट्टी मात्र लगेच दिसते.

इगतपुरी_स्थानक

हा घाट रेल्वेनेही पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला आहे. कसारा ते इगतपुरी लोहमार्गाची चढण ३७ ला १ आहे, म्हणजे सुमारे २.७ टक्के. रस्त्याच्या मानाने ही सौम्य वाटते, पण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर पकड फार कमी असते. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात. ती ढकलतात त्यामुळे ओढ वाढते, आणि पुढच्या डब्यांच्या कपलिंगवर संपूर्ण गाडीचा ताणही येत नाही.

मला विचारायचे आहे ते असे की रस्त्यावर पकडीचा प्रश्न येतो का? आमच्या इगतपुरीचा पाऊस सर्वांना माहीत आहे.

यंत्रविद्या_सातपूर

येतो, आणि फार नेमका येतो. दोन अ‍ॅक्सलच्या घोड्यात फक्त मागचा एक अ‍ॅक्सल ओढतो. त्यावर कायद्याने जास्तीत जास्त ११.५ टन वजन चालते. कोरड्या डांबरावर एवढ्या वजनाला पकड भरपूर मिळते. पण पहिल्या पावसात तेल, डिझेल आणि चिखल यांचा पातळ थर झाला आणि घर्षणांक ०.२ पर्यंत उतरला, तर त्या अ‍ॅक्सलला रस्त्यावर लावता येणारे बळ २२.५ किलोन्यूटन राहते. आपल्या चढाला २२.४ लागतात. अशा वेळी इंजिनात कितीही टॉर्क असला तरी उपयोग नाही, चाक जागीच फिरेल. ज्यांना रोज ५५ टनांपर्यंत माल न्यायचा आहे त्यांनी दोन अ‍ॅक्सल ओढणारा घोडा का घ्यावा, याचे उत्तर इथे आहे. २०१८ मध्ये ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टन झाली, पण घाटाचा चढ आणि पाऊस होते तसेच आहेत.

५५ टनांवर याच ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाचा कमाल वेग ३२ वरून २४ च्या खाली येतो, हेही लक्षात ठेवावे.

सिन्नरकर

आमची एक सीएनजी गाडी मोहदरी घाटात डिझेल गाडीपेक्षा स्पष्टपणे मागे पडते. मालाचे वजन दोन्हींचे सारखे असते. याचे कारण टाकीचे वजन की इंजिन?

नोझलवाले_काका

दोन्ही, पण मुख्यतः इंजिन. सीएनजी ठिणगीने पेटतो, त्यामुळे दाब एका मर्यादेपलीकडे वाढवला तर ठोके पडू लागतात, आणि धुराचे तापमानही डिझेलपेक्षा जास्त असते. म्हणून त्याच आकाराच्या इंजिनाची सीएनजी आवृत्ती साधारणपणे कमी टॉर्कवर ठेवलेली असते. तिला घाटात वरच्या गियरमध्ये रेटू नका. ती फेऱ्यांवर चालवायची गाडी आहे.

देवळाली_कॅम्प

मग विजेचे ट्रक आले की हा धागाच बंद करावा लागेल! मोटारीला उभ्या अवस्थेतूनच पूर्ण टॉर्क मिळतो, दबण्याचा प्रश्नच नाही.

यंत्रविद्या_सातपूर

धागा चालूच राहील, कारण शक्तीचा हिशेब तिथेही सुटत नाही. मोटार कमी फेऱ्यांना पूर्ण टॉर्क देते हे खरे, आणि उतरताना ब्रेकची बरीच ऊर्जा बॅटरीत परत आणते हा तर फार मोठा लाभ आहे. पण मोटारीची क्षणिक शक्ती आणि सलग देता येणारी शक्ती वेगळी असते. लांब घाटात गुंडाळ्या आणि बॅटरी तापतात, म्हणून तिथे सलग शक्तीचाच आकडा विचारावा.

जुना_सारथी

विषय चढाचा आहे हे मान्य, तरी एक वाक्य उताराचेही लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या गियरमध्ये भरलेली गाडी घाट चढते, त्याहून वरच्या गियरमध्ये तिने तो घाट उतरू नये, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच करू नये. राहुड घाटात आणि कसाऱ्यात ब्रेक तापून किती संसार मोडले ते आम्ही पाहिले आहे.

पाथर्डी_फाटा

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेनंतर मी 'ब' गाडीच्या चालकाशेजारी बसून घाट चढलो आणि त्याचा हात पाहिला.

'अ' गाडी जो गियर घाटात धरते, त्यात 'ब' टिकत नाही हे लगेच दिसले. यंत्रविद्या यांच्या पद्धतीने हिशेब केला तर ५ च्या हाऊसिंगला त्या गियरमध्ये जवळजवळ १३०० न्यूटन मीटर लागतात, आणि इंजिनाकडे ११०० आहेत. म्हणून चालक एक गियर खाली येतो, ते योग्यच आहे. पण खाली आल्यावर तो हिरवी पट्टी सोडायला नको म्हणून १३०० आरपीएमवर पेडल हलके करतो. त्या गियरमध्ये १३०० म्हणजे बरोबर १८ चा वेग. मी त्याला २१००-२२०० पर्यंत जाऊ दे म्हणालो, आणि त्याच गाडीने त्याच वजनानिशी ३० च्या आसपास वेग धरला. म्हणजे 'ब' गाडी योग्य फेऱ्यांवर 'अ'पेक्षाही वेगाने चढते. तापमानाचा काटा चढला नाही. रेडिएटर यांच्या सांगण्यावरून जाळी साफ करून घेतली होती, तिथे धूळ पुष्कळ निघाली.

सपाट रस्त्यावर 'ब' ताशी ६० ला शेवटच्या गियरमध्ये १५५० च्या खालीच असते, 'अ' १८५० च्या जवळ जाते. आमच्या मार्गात घाट थोडा आणि सपाट रस्ता जास्त आहे, त्यामुळे तिसरी गाडी ५ च्या हाऊसिंगचीच घ्यावी असे माझे मत झाले आहे.

घाटवाट

मी मात्र तुमच्या जागी असतो तर ६ चेच हाऊसिंग घेतले असते. वळणावर वाहतूक थांबली आणि भरलेली गाडी उभ्या चढावर पुन्हा उचलायची वेळ आली, की पहिल्या गियरमध्ये हाऊसिंग जितके खोल तितका क्लच कमी घासतो. चाकांवर शक्ती किती येते हा तुमचा मुद्दा मला पटला, पण क्लच प्लेट माझ्या खिशातून जाते.

ऋचा_अंबड

घाटवाट यांची शंका रास्त आहे, म्हणून तिसरी गाडी घेताना हाऊसिंगबरोबर पहिल्या गियरचे गुणोत्तरही विचारावे. दोन्हींचा गुणाकार 'अ' गाडीइतका किंवा त्याहून जास्त येत असेल, तर ५ चे हाऊसिंग घेऊनही गाडी उचलताना क्लचवर जास्त ताण येणार नाही. काही गियरबॉक्समध्ये त्यासाठीच अगदी खालचा रांगता गियर वेगळा दिलेला असतो.

पाथर्डी_फाटा

हे विक्रेत्याला विचारतो. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाल्यापासून काही फेऱ्या त्या बाजूने नेण्याचाही विचार आहे. पण टोल आणि अंबडपर्यंतचा वळसा धरून ते कितपत परवडेल, हे आधी एका भरलेल्या फेरीचे डिझेल मोजून पाहायचे आहे. गुणाकार मिळाला की इथे लिहीन.